आजोबांचे देणे

मोठा लोकनेता गेला की मृत्युलेखाचा साचा ठरलेला असतो. आधी लढे, तुरुंगवास, भूषवलेली पदे, उभ्या केलेल्या संस्था. मग शेवटच्या परिच्छेदात लेखणी जरा हळवी होते आणि सांगते की, घरी मात्र अण्णा (किंवा बापू, किंवा भाऊ) नातवंडांत रमून जात. सोबत मांडीवर नातू घेतलेले छायाचित्र. या मांडणीत एक गृहीत दडलेले आहे. नेतेपण हे खरे काम, आणि आजोबापण ही काम संपल्यावरची विश्रांती. पहिले इतिहासाचे, दुसरे घरच्यांचे.

हे गृहीत मला उथळ वाटते. निदान सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा गेल्या ऐंशी वर्षांचा अनुभव त्याच्या विरुद्ध आहे. ज्या समाजाचा दावा एका माणसाच्या हयातीत निकाली निघत नाही, त्या समाजात आजोबा हे सार्वजनिक पद असते. त्याला ना मानधन ना निवडणूक, पण जबाबदारी आमदारकीपेक्षा जड. त्या पदावरचा माणूस कसा होता हे ठरवायची कसोटीही सरळ आहे : त्याने नातवाच्या हाती सत्ता ठेवली की देणे ठेवले?

१. हयातीत न मिटणारा दावा

कोयना धरण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला उभे राहिले. शिवसागर जलाशयाखाली पाटण, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांतली गावे गेली. काही माणसे सोलापूर, रायगड, ठाण्याकडे पाठवली गेली. काही पाण्याच्या वर, डोंगराच्या अंगाला सरकली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली, म्हणजे कोयनेचे पाणी चढून दशक उलटल्यावर. पुढे १९८६ चा कायदा आला, मग १९९९ चा. डोंगरात सरकलेल्यांचे तर वेगळेच. त्यांच्या शिवारावर १९८५ मध्ये कोयना अभयारण्य आले आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. आजोबाला धरणाने उठवले, बापाला अभयारण्याने अडवले, नातवाला वाघाच्या नावाने नोटीस आली. एकाच घराच्या तीन पिढ्या, सरकारी दफ्तरात मात्र तीन वेगळ्या फायली आणि तीन वेगळी खाती.

आता कागद पाहा. धरणग्रस्ताचा हक्क ठरतो संकलन रजिस्टरवरून. त्यात खातेदार म्हणून नाव असते आजोबांचे, नाहीतर पणजोबांचे. अनेकदा नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असते, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. चार भावांची जमीन थोरल्याच्या एकट्या नावावर. आज दाखला मागायला निघालेला नातू चाळिशीचा असतो आणि बुडालेले गाव त्याने पाहिलेले नसते. त्याला वंशावळ लागते, वारस नोंद लागते, नुकसानभरपाईतली ठरावीक रक्कम भरल्याची पावती लागते, जुन्या गावचा सातबारा लागतो. टेबलापलीकडचा कारकून विचारतो, ‘हे आणि ते एकाच नावाचे दोन खातेदार दिसतात, यातले तुमचे कोण?’ याचे उत्तर कुठल्याही रजिस्टरमध्ये नसते. ते असते म्हाताऱ्याच्या डोक्यात : ओढ्याच्या अलीकडचे ते आपले, पलीकडचे ते भावकीतले, त्यांच्या दारात फणस होता, आपल्या दारात नव्हता.

पुनर्वसित वसाहतीत रात्री म्हातारा नातवंडांना बुडालेल्या गावच्या गोष्टी सांगतो, ते शहरातून आलेल्या पाहुण्याला मोठे गोड वाटते. ती गोष्ट गोड असतेच, पण ती साक्षही असते. कुणाची वहिवाट कुठून होती, देवळाची इनाम जमीन केवढी, मोजणीच्या वेळी कोण गावात नव्हता, हे सारे त्या गोष्टीतून पुढच्या पिढीत उतरते. नातवाचा लाड आणि पुराव्याची जपणूक यांत रेघ ओढता येत नाही. २०१८ मध्ये कोयनानगरला धरणग्रस्त ठिय्या मांडून बसले, तेव्हा हा दावा पन्नास वर्षांहून जुना झाला होता. तो कागदामुळे टिकला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कागद कुजतात. पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला दाखलाही घडीवर फाटतो, आणि नेमका तिथेच गट क्रमांक असतो.

२. विस्कॉन्सिनमधले एक धरण

हे आपल्याच मातीचे वैशिष्ट्य आहे असे कुणी समजू नये. उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांभोवती अनिशिनाबे लोक राहतात. ओजिब्वे हा त्यांच्यातला मोठा गट. विस्कॉन्सिन राज्यात त्यांचा लाकुदरे नावाचा राखीव प्रदेश आहे. तिथे विंटर या ठिकाणी एका वीज कंपनीला धरण बांधायचे होते. जमातीचा विरोध होता. १९२१ मध्ये सरकारने कंपनीला परवाना दिला, मुदत पन्नास वर्षे. १९२३ मध्ये पाणी चढले आणि त्याखाली गाव गेले, पूर्वजांची दफनभूमी गेली, आणि उथळ पाण्यात आपसूक उगवणाऱ्या रानधानाची पाणथळे गेली. त्या धानावर त्यांचे पोट होते, आणि त्यांच्या धर्मकथेत ‘जिथे पाण्यावर अन्न उगवते तिथे जा’ या आदेशाने ते त्या भूमीत आले, अशी श्रद्धाही होती.

पन्नास वर्षे हा आकडा माझ्या मते फार बोलका आहे. परवाना देणाऱ्याच्या हिशेबात तेवढ्या काळात विरोध करणारे मरून जातात. मग उरतो तो शांत जलाशय, मासेमारी आणि पर्यटन. झाले उलटे. १९७१ मध्ये मुदत संपत आली, तेव्हा अमेरिकन इंडियन मूव्हमेंटचे कार्यकर्ते आणि लाकुदरेची माणसे धरणावर जाऊन बसली. नातवंडांना परवान्याची तारीख पाठ होती.

त्याच भूमीतल्या एडवर्ड बेंटन-बनाई यांचे उदाहरण नेमके आपल्या विषयाचे आहे. ते या चळवळीच्या सुरुवातीच्या संघटकांपैकी एक, आपल्या धर्मपरंपरेतले मोठे अधिकारी पुरुष, आणि आदिवासी मुलांसाठी शाळा काढणारे शिक्षक. २०२० मध्ये ते वारले. त्यांचे गाजलेले पुस्तक म्हणजे आजोबांनी नातवंडांना सांगितलेल्या जमातीच्या कथा. या माणसाचे राजकारण कुठले आणि आजोबापण कुठले, हे वेगळे काढून दाखवावे. जिथे सरकारने लहान मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत घातले, भाषा बोलली म्हणून शिक्षा केली, तिथे आजोबाने नातवाशी आपल्या भाषेत बोलणे हीच राजकीय कृती होती. सरकारलाही ते पक्के ठाऊक होते. तोडायचा दुवा त्याने अचूक निवडला होता.

आणि हे सारे भावनेपुरते राहिले नाही. १८३७ आणि १८४२ च्या करारांत त्यांच्या पूर्वजांनी जमीन सोडताना शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. १९७४ मध्ये लाकुदरेच्या दोन भावांनी राखीव प्रदेशाबाहेर बर्फाखाली मासे मारून स्वतःला अटक करवून घेतली, आणि १९८३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो जुना हक्क मान्य केला. जवळजवळ दीडशे वर्षे कुणीतरी कुणाला तरी सांगत राहिले, म्हणून तो करार न्यायालयापर्यंत पोहोचला.

३. वाळव्याचे अण्णा

आता आपल्याकडचे उदाहरण. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, जन्म १९२२, मृत्यू २०१२. इंग्रजांविरुद्ध साताऱ्यात उभ्या राहिलेल्या भूमिगत प्रतिसरकारातला त्यांचा भाग सर्वांना ठाऊक आहे : १९४४ मध्ये धुळ्याकडचा सरकारी खजिना लुटण्यातला सहभाग, अटक, साताऱ्याच्या तुरुंगातून पलायन. फेब्रुवारी १९४५ मध्ये शिराळ्याकडे, वारणेच्या खोऱ्यात, मणदूरला पोलिसांशी झालेल्या चकमकीत त्यांचे साथी किसन अहीर आणि नानकसिंग मारले गेले. पद्मभूषण वगैरे पुष्कळ नंतरचे.

मला या चरित्राचा उत्तरार्ध जास्त महत्त्वाचा वाटतो. अण्णांनी वाळव्याला साखर कारखाना उभा केला आणि त्याला नाव दिले हुतात्मा किसन अहीर यांचे. या दोन जिल्ह्यांत साखर कारखान्यांना कुणाची नावे मिळतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या निवडीचे वजन कळेल. ऐन तारुण्यात, पोलिसांच्या गोळीने गेलेल्या साथीदाराचे नाव रोज उसाच्या वजनकाट्यावरच्या पावतीवर छापले जावे, ही व्यवस्था आहे. ज्याला नातू पाहायला मिळाला नाही, त्याच्या वाट्याचे आजोबापण जगलेल्याने करायचे, असा त्याचा अर्थ मी लावतो.

दुसरी गोष्ट याहून अवघड. वाळवा हा ऊसवाल्यांचा तालुका. पुनर्वसनाच्या कायद्यात धरणग्रस्तांना द्यायची जमीन लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांकडून, स्लॅब लावून काढायची असते. धरणाचे पाणी ज्याच्या शेतात येणार, त्यानेच उठलेल्याला तुकडा द्यायचा. न्याय उघड आहे, आणि बागायतदाराला तो का रुचत नाही हेही उघड आहे. अशा तालुक्यातला नेता धरणग्रस्तांच्या परिषदेच्या व्यासपीठावर जाऊन बसतो, तेव्हा तो आपल्याच मतदाराच्या बांधावर पाय ठेवतो. अण्णा आयुष्यभर तिथे बसले. १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदांत धरणग्रस्त चळवळीचे डॉ. भारत पाटणकर आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांच्यासह सातारा, सांगली, सोलापूर जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी त्यांनी मागितले ते समन्यायी पाणीवाटप. कृष्णेचे पाणी नदीकाठच्या उसापुरते न राहता वर आटपाडी-जतच्या माळाला जावे, आणि ते कुटुंबागणिक मिळावे, ज्याला जमीन नाही त्यालाही. येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी बांधलेल्या बळीराजा स्मृती धरणाने भूमिहीनाचा पाण्यातला वाटा आधीच करून दाखवला होता.

वारणेचे खोरे इथे पुन्हा येते. ज्या डोंगरी मुलखाने भूमिगतांना भाकरी आणि आसरा दिला, त्याच मुलखात पुढे चांदोलीला धरण झाले आणि आसरा देणाऱ्यांची घरे उठली. त्यांची बाजू घेणे ही अण्णांची करुणा होती असे म्हटले की आपण त्यांना छोटे करतो. ती परतफेड होती. १९४५ चे देणे त्यांनी धरणग्रस्तांच्या मोर्च्यात फेडले आणि जे फिटले नाही ते पुढच्यांच्या खात्यावर टाकले.

४. कुंडलचे कॅप्टन

रामचंद्र श्रीपती लाड, प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, २०२२ च्या फेब्रुवारीत गेले. शंभरी गाठायला काही महिने उरले होते. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवणाऱ्या तुकडीचे ते नेते. आम्ही गाडी लुटली असे म्हणू नका, इंग्रजांनी लोकांकडून लुटलेला पैसा आम्ही परत आणला, असा त्यांचा नव्वदी ओलांडल्यावरही आग्रह असे. काहींना ही म्हाताऱ्याची हटवादी शब्दनिवड वाटली असेल. पण नातवाच्या पाठ्यपुस्तकात काय छापले जाणार याची ती लढाई होती, आणि तिच्यात त्यांनी शेवटपर्यंत माघार घेतली नाही.

५. आक्षेप पहिला : ही तर घराणेशाहीच

वाचक इथे हसला असेल. आजोबा हे सार्वजनिक पद आहे हे सातारा-सांगलीला सांगायला हवे का? पाटणला बाळासाहेब देसाई होते, आज त्यांचे नातू शंभूराज देसाई मंत्री आहेत. सांगलीच्या तुरुंगातून १९४३ मध्ये निसटलेल्या वसंतदादांचे नातू विशाल पाटील २०२४ मध्ये अपक्ष उभे राहून खासदार झाले. आणि सोयीचे उदाहरण घेऊन पळ काढायचा नसेल तर हेही सांगितले पाहिजे की, अण्णांच्या मागे हुतात्मा समूहाची धुरा त्यांच्या मुलाकडे गेली आणि नातू २०१९ मध्ये तेव्हाच्या इस्लामपूर मतदारसंघातून विधानसभेला उभा राहिला. मग तुमच्या सिद्धांतात आणि साध्या वारसाहक्कात फरक तो काय?

आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. यातल्या कुठल्याही नातवाने निवडणूक लढवणे गैर नाही. मते लोकांनीच दिली किंवा नाकारली. फरक शोधायचा तो व्यक्तींत नाही, हाती काय आले त्यात. सत्ता वारशाने मिळाली की आजोबांचे नाव भांडवल होते. ते खर्चता येते, फलकावर लावता येते. देणे वारशाने मिळाले की आजोबांचे नाव हिशेब होऊन बसते. त्याच्या जोरावर कुणीही येऊन नातवाला जाब विचारू शकतो. पहिल्या वारशात लोक नातवाचे लागतात, दुसऱ्यात नातू लोकांचा लागतो.

एका पाटण तालुक्यात दोन प्रकारचे नातू शेजारी राहतात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. एकाला आजोबांच्या नावाने दार उघडते. दुसरा, कोयनेच्या पाण्याने उठलेल्याचा नातू, आजोबांचे नाव सांगतो तेव्हा त्याला पुरावा मागितला जातो. घराणेशाहीवर टीका करताना आपण पहिल्यावरच बोलतो. दुसऱ्याच्या घरातही नातेच चालू असते, त्याच्याही घरात पिढ्यांची साखळी असते, पण ती सत्तेची नसल्यामुळे आपल्याला ती राजकारण वाटत नाही. नात्यागोत्याला सार्वजनिक जीवनातून हद्दपार करा, ही शहाण्यांची सूचना पहिल्या नातवाचे काहीच बिघडवणार नाही. दुसऱ्याच्या हातचा एकुलता पुरावा मात्र जाईल.

अण्णांच्या घराचा निकाल काय लावायचा? कारखान्याच्या पावतीवर किसन अहीर यांचे नाव आहे, तोवर तिथल्या वारसाला कुठलाही ऊसतोड मजूर किंवा धरणग्रस्त विचारू शकतो, माझे काय केले? तो विचारतो का, आणि उत्तर मिळते का, हे वाळव्याच्या लोकांनी ठरवायचे.

६. आक्षेप दुसरा : वडीलधाऱ्यांचे राज्य म्हणजे जातपंचायत

हा आक्षेप पहिल्यापेक्षा गंभीर आहे. महाराष्ट्रात ‘समाजाचे वडीलधारे’ म्हटले की डोळ्यांसमोर जातपंचायत येते : दंड, वाळीत टाकणे, जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीचा छळ. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अखेरच्या काळात जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली होती. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांचा खून झाला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये केला. मग पुन्हा म्हाताऱ्यांचे गोडवे कशाला?

गोडवे गात नाही. पंच आणि मी म्हणतो तो आजोबा, दोघेही पिढ्यांचे नाव घेतात, पण उलट्या दिशेने. पंच पूर्वजांच्या वतीने नातीला हुकूम देतो. तिचे लग्न, तिचा मोबाइल, तिचे कपडे हा त्याचा अधिकार. आजोबाचे पद नातीपुढे जाब देण्याचे आहे : तुझ्या वाट्याचे गाव मी राखले का, पाणी मिळवले का, खोटा कागद सही करून दिला का. एखाद्या समाजात दोन्ही भूमिका एकाच माणसाने केल्या असतील, करतातही. धरणाविरुद्ध छाती पुढे करणारा नेता घरी नातीचे शिक्षण बंद करतो, असे आपल्याला माहीत नाही का? अशा माणसाला अर्धे गुण द्यावेत. चळवळीतल्या लोकांना हे आवडणार नाही, पण मृत्युलेखात अर्धे गुण देण्याची सोय असायला हवी.

७. आक्षेप तिसरा : आणि आजी?

या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, कारण तो बहुतांशी बरोबर आहे. प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील वर्षानुवर्षे भूमिगत होते. त्यांच्या घरादारावर आणि जमिनीवर सरकारने टाच आणली होती. त्यांची मुलगी हौसाताई लहानपणीच आईला पारखी झाली आणि तिला वाढवले आजीने व चुलत्यांनी. हीच मुलगी पुढे प्रतिसरकारात उतरली. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचे नाटक करून पोलिसांना गुंतवायचे आणि साथीदारांनी तेवढ्यात बंदुका पळवायच्या, या बेतात मार खाणाऱ्या बायकोचे काम तिने केले. २०२१ मध्ये हौसाताई गेल्या.

नेत्याचे बापपण चळवळीने खाल्ले, त्याची भरपाई घरातल्या म्हातारीने केली, आणि पुष्कळदा नेत्याला उतारवयात जे आजोबापण लाभले ते त्या म्हातारीने राखलेल्या घरातच लाभले. ‘नातवंडांत रमणारे अण्णा’ या छायाचित्रात चुलीजवळची व्यक्ती चौकटीबाहेर राहते. पद आजोबाचे म्हणताना त्या पदाचे निम्मे काम आजीने बिनबोभाट केलेले असते, हे माझ्या सिद्धांतात मी सुरुवातीला घालायला हवे होते असे कुणी म्हणाले तर मी मान्य करीन. पण तिचे नाव संकलन रजिस्टरमध्ये नसते, ए.कु.मॅ. म्हणूनही नसते, आणि म्हणून दाव्याच्या राजकारणात पद त्याच्या नावे चालते. ही व्यवस्था न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. तीच चालू आहे, एवढेच.

ती मोडायची जागा कागदातच आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली. तरी पुनर्वसनाची जमीन मिळायची वेळ आली, पिढ्यांनंतर एकदाची गटाची मोजणी झाली, की घरात पहिली तयारी होते ती हक्कसोड पत्राची. बहिणींना, आत्यांना बोलावले जाते, जेवण होते, साडी नेसवली जाते आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्यांची सही होते. म्हातारा तिथे असतोच. त्याच्याशिवाय वंशावळ पुरी होत नाही. तो त्या वेळी नातीकडे बघून काही बोलतो की खाली मान घालून अंगठा उठवतो, हे कोणी नोंदवत नाही. मृत्युलेख लिहिणाऱ्यांनी पुढच्या वेळी लढ्यांच्या यादीनंतर आणि मांडीवरच्या नातवाच्या छायाचित्राआधी तेवढी चौकशी करावी.